शेकडेवारीचे अध्यापन : शालेय वयोगटांनुसार संबोधविकासाचा विचार

प्रस्तावना

शालेय गणितातील जे मोजके घटक शाळा सुटल्यावरही माणसाची पाठ सोडत नाहीत, त्यांत शेकडेवारीचे स्थान अग्रभागी आहे. बैजिक सूत्रे विस्मरणात जातात, प्रमेयांच्या सिद्धता धूसर होतात. परंतु कर्जाचा व्याजदर, दुकानातील सूट, पिकाची पैसेवारी, मतदानाचा टक्का आणि मुलांचे गुणपत्रक यांची गाठ आयुष्यभर पडत राहते. असे असूनही हा घटक गणिताच्या पुस्तकात एका प्रकरणापुरता शिकवला जातो आणि त्यानंतर भूगोल, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, समाजशास्त्र अशा सर्व विषयांत तो विद्यार्थ्याला येतोच, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाचा फोलपणा महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात जाणवतो. 'असर'ने २०१७ मध्ये १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण युवकांची जी पाहणी केली, तीत वस्तूच्या किमतीवरील टक्केवारीतील सूट वजा करून द्यावयाची रक्कम काढण्याचा एक साधा प्रश्न होता. निम्म्याहून अधिक युवकांना त्याचे अचूक उत्तर देता आले नाही. हीच मुले पुढे कर्जाच्या कागदावर सही करणार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

प्रस्तुत लेखात शेकडेवारीचा संबोध कोणत्या वयात कोणत्या रूपात मुलांपुढे यावा, प्रत्येक टप्प्यावर अडचण नेमकी कोठे येते आणि मराठी भाषेतील व व्यवहारातील कोणते साहित्य अध्यापकाच्या हाताशी आहे, याचा विचार केला आहे.

शेकड्याची परंपरा

शंभराला प्रमाण मानून हिशेब करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे व्याज धर्म्य, म्हणजे न्याय्य, मानले आहे. व्यापारी व्यवहारात ते पाच पण, अरण्यातून माल नेणाऱ्यांसाठी दहा आणि समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्यांसाठी वीस पण असे चढत जाते. जोखीम वाढते तसा दर वाढतो, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत पंचराशिकाचे एक उदाहरण आहे : शंभराचे एका महिन्याचे व्याज पाच असेल, तर सोळांचे एका वर्षाचे व्याज किती? उत्तर ९.६ येते. युरोपात इटलीतील व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांतील 'पेर चेंतो' या शब्दांच्या संक्षेपातून पुढे टक्क्याचे चिन्ह घडत गेले. तेथेही उगम शाळेत नसून पेढीवर आहे.

या जुन्या उदाहरणांत दर 'दरमहा' आहे, ही बाब अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाठ्यपुस्तकातील व्याजदर वार्षिक असतो. गावातील सावकाराचा आणि पुष्कळदा बचत गटाचाही दर 'शेकडा दोन रुपये', म्हणजे महिन्याला दोन टक्के, असा बोलला जातो. शाळेत 'द.सा.द.शे.' शिकलेला विद्यार्थी घरी 'दोन रुपये शेकडा' ऐकतो तेव्हा तो दर त्याला बँकेच्या नऊ टक्क्यांपेक्षा स्वस्त वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तो वर्षाला २४ टक्के आहे आणि व्याज दरमहा मुदलात मिळवत गेल्यास २६.८ टक्क्यांच्या घरात जातो. 'द.सा.द.शे.' हे संक्षिप्त रूप मुले मंत्रासारखे म्हणतात. 'दर साल दर शेकडा' या चार शब्दांत काळाचा आणि रकमेचा असे दोन आधार दडलेले आहेत, हे मात्र क्वचितच उलगडून सांगितले जाते.

काठिण्याचे मूळ

शेकडेवारी अवघड का जाते? गणनक्रियेत तर विशेष काही नाही. गुणाकार, भागाकार आणि शंभर, एवढीच सामग्री आहे. अडचण आहे ती संबोधाच्या स्वरूपात. 'पाच किलो' ही राशी आहे, 'पाच टक्के' हा संबंध आहे. 'दुप्पट' हा शब्द ज्याप्रमाणे कशाच्या तरी संदर्भात बोलला जातो, त्याचप्रमाणे 'पाच टक्के' या शब्दांना 'कशाचे?' हा प्रश्न विचारल्यावाचून अर्थ येत नाही. पार्कर आणि लाइनहार्ट या अभ्यासकांनी १९९५ मध्ये शेकडेवारीच्या अध्ययनावरील संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यातही या संबोधाची अनेकार्थता आणि त्याच्या भाषेचा अतिसंक्षेप यांवर भर आहे. एकच चिन्ह कधी पूर्णाचा भाग दाखवते (वर्गातील ६० टक्के मुली), कधी दोन स्वतंत्र राशींची तुलना करते (यंदाचा पाऊस गतवर्षीच्या १२० टक्के), तर कधी बदल सांगते (भाडे १० टक्के वाढले). पहिल्या अर्थात शंभराच्या पुढे जाता येत नाही, दुसऱ्यात व तिसऱ्यात सहज जाता येते. पहिलाच अर्थ शिकलेले मूल '१२० टक्के पाऊस' ऐकून गोंधळते, यात त्याचा दोष नाही.

पियाजे आणि इनहेल्डर यांच्या मांडणीनुसार प्रमाणविषयक तर्क हा औपचारिक क्रियात्मक अवस्थेचा, म्हणजे साधारणतः अकरा-बारा वर्षांनंतरचा, विशेष होय. शेकडेवारीचे प्रकरण सहावीत येण्यामागे ही दृष्टी असावी. परंतु औपचारिक नियम त्या वयात यावा, याचा अर्थ त्यापूर्वी संबोधाची ओळखही होऊ नये, असा नाही. ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना, म्हणजे तोच विषय वयानुरूप रूपात पुन्हा पुन्हा वरच्या पातळीवर भेटणे, शेकडेवारीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या घटकाला पडत असेल.

प्राथमिक स्तर : चिन्हाआधी अंदाज

एक काळ असा होता की रुपया आणि पैसा हे शेकडेवारीचे आयते साधन होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर भाग मुलांच्या मुठीत आले. 'रुपयाला पाच पैसे' म्हणजे पाच टक्के, एवढे सांगितले की पुरे होई. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली आणि आजच्या मुलाने पैसा पाहिलेलाच नसतो. मात्र त्याची जागा एका वेगळ्याच वस्तूने घेतली आहे. पहिली-दुसरीतले मूल आईच्या मोबाइलवर '२० टक्के' पाहून चार्जर शोधते. भरलेले म्हणजे शंभर, अर्धे म्हणजे पन्नास, लाल झाले म्हणजे थोडेच उरले, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अध्यापकाने या ज्ञानाकडे तुच्छतेने पाहू नये.

या संदर्भात मॉस आणि केस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला कॅनडातील चौथीच्या मुलांवरील प्रयोग लक्षणीय आहे. त्यांनी व्यवहारी अपूर्णांक, दशांश आणि मग शेकडेवारी हा रूढ क्रम उलटा केला. पाण्याने भरलेल्या भांड्यांची पातळी पाहून 'किती टक्के भरले?' असा अंदाज, निम्मे करणे, निम्म्याचे निम्मे करणे, यांपासून आरंभ केला आणि दशांश व व्यवहारी अपूर्णांक नंतर आणले. प्रायोगिक गटाचे आकलन नियंत्रित गटापेक्षा सखोल आढळले. रूढ गणनक्रियांत दोन्ही गटांत फरक नव्हता. हा क्रम आपल्याकडे जसाच्या तसा उचलावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु निम्मे करण्याच्या क्रियेला मराठीत जो भाषिक आधार आहे, तो पाहता त्यातील मर्म आपल्या मुलांना अधिक सुलभ व्हावे.

हा आधार म्हणजे पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही शब्दमालिका. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ करवून घेत. ते पाठांतर गेले ते बरेच झाले, असे म्हणता येईल. पण त्याबरोबर अपूर्णांकाला स्वतःचे नाव असण्याची सवयही विरळ होत चालली. तिसरी-चौथीतील मुलाने तांब्यात पाऊण पाणी भरावे आणि त्यालाच '७५ टक्के' हे दुसरे नाव द्यावे. पाव, निम्मे, पाऊण, पूर्ण हे चार टप्पे आणि दहाचा एक भाग एवढ्या आधारावर अंदाज बांधता आला, की या स्तरावर अधिक काही अपेक्षू नये. सूत्र तर मुळीच देऊ नये.

उच्च प्राथमिक स्तर : पट्टी, पट आणि पाया

सहावी ते आठवी हा शेकडेवारीचा खरा काळ. २०१६ ते २०१८ या कालावधीत लागू झालेल्या बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सहावीला गुणोत्तर-प्रमाणानंतर शेकडेवारी, मग नफा-तोटा आणि सरळव्याज, तर आठवीला सूट व कमिशन आणि चक्रवाढ व्याज अशी मांडणी आहे. गुणोत्तरानंतर लगेच शेकडेवारी येणे तर्कशुद्ध आहे. मात्र नफा-तोटा, सूट, कमिशन, व्याज ही स्वतंत्र प्रकरणे झाल्यामुळे प्रत्येकाचे सूत्र निराळे, असा समज विद्यार्थ्यांत दृढ होतो. मुळात ती एकाच क्रियेची वेगवेगळी नावे आहेत. फरक आहे तो शंभर कोणाला मानले यात. नफ्यात खरेदीची किंमत शंभर, सुटीत छापील किंमत शंभर, व्याजात मुद्दल शंभर. एवढी एक तुलना फळ्यावर मांडली तर निम्मी सूत्रे पाठ करावी लागणार नाहीत.

यासाठी उपयुक्त ठरणारे साधन म्हणजे दुहेरी पट्टी. नेदरलँड्समधील फ्रॉइडेंटाल संस्थेच्या वास्तवाधारित गणितशिक्षणात हिचा पद्धतशीर वापर झाला. एक आडवी पट्टी काढावी. वरच्या कडेला ० ते १०० टक्के, खालच्या कडेला प्रत्यक्ष राशी. 'एका शाळेतील ८० टक्के विद्यार्थी सहलीला गेले, ते २४० होते, एकूण किती?' हे उदाहरण घ्या. सूत्राच्या आधारे जाणारा विद्यार्थी बहुधा २४० चे ८० टक्के काढून १९२ असे उत्तर देतो आणि सहलीला गेलेल्यांपेक्षा शाळाच लहान करून ठेवतो. पट्टीवर ८० च्या खाली २४० लिहिले की १० च्या खाली ३० आणि १०० च्या खाली ३०० हे डोळ्यांना दिसते. एकमान पद्धतीने आपण हेच करतो, पण तेथे नेहमी एकावर जावे लागते. पट्टीवर दहावर, पाचावर, पंचविसावर, कोठेही थांबता येते. भाग काढणे, टक्के काढणे आणि पूर्ण काढणे या तिन्ही प्रकारांना तीच एक आकृती पुरते. शिकवताना तिसरा प्रकार सर्वांत शेवटी आणि घाईत उरकला जातो, वस्तुतः संबोध समजला की नाही याची कसोटी तोच आहे.

या वयात बदलाची शेकडेवारी शिकवताना पुन्हा मराठीच साहाय्याला येते. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट, ५० टक्के वाढ म्हणजे दीडपट, १५० टक्के वाढ म्हणजे अडीचपट. शेवटच्या विधानावर वर्गात थांबावे. पुष्कळ विद्यार्थी १५० टक्के वाढ आणि दीडपट एकच मानतात. नंतर उलटा प्रश्न विचारावा : सव्वापट झालेली किंमत पूर्ववत व्हायची तर किती टक्के कमी व्हावी? १०० चे १२५ झाले, आता २५ कमी व्हायचे, पण १२५ मधून. म्हणजे पाचवा भाग, २० टक्के. वाढ आणि घट यांचा पाया बदलला, हे येथे प्रथम स्वच्छ कळते. १० टक्के वाढ आणि मग १० टक्के घट यांनी १०० चे ९९ होतात, हे नेहमीचे उदाहरण त्यानंतर घ्यावे, आधी नव्हे. कारण एकाचा फरक मुलांना किरकोळ चूक वाटतो, पंचविसाविरुद्ध वीस हा फरक वाटत नाही.

ग्रामीण भागातील अध्यापकाजवळ आणखी एक जिवंत उदाहरण आहे, ते म्हणजे पिकाची पैसेवारी. पूर्वी आणेवारी म्हणत, रुपयाचे सोळा आणे धरून. प्रमाण मानलेल्या उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे उत्पन्न रुपयाला किती पैसे, ही ती संख्या. पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईग्रस्त भागासाठीच्या सवलतींचा प्रश्न उभा राहतो. पैसेवारी ही शेकडेवारीच आहे. गावोगाव तिच्यावर वाद होतो तो दोन कारणांनी : यंदाचे उत्पन्न कसे मोजले आणि प्रमाण उत्पन्न काय धरले. हा दुसरा वाद म्हणजे पायाचाच वाद होय. 'प्रमाण उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले आणि पीक साडेपाच क्विंटल आले, तर पैसेवारी ५५. तेच प्रमाण बारा धरले तर ४६', हे उदाहरण सातवीच्या शेतकरी कुटुंबातील मुलाला नफा-तोट्याच्या दहा कृत्रिम उदाहरणांपेक्षा अधिक शिकवून जाते.

माध्यमिक स्तर : गुणक आणि कर्जाचा कागद

नववी-दहावीत 'अर्थनियोजन' या प्रकरणात आयकर, वस्तू व सेवा कर, शेअर्स यांचा परिचय होतो. या टप्प्यावर शेकडेवारीला दशांश गुणकाचे रूप देणे आवश्यक ठरते. १८ टक्के कर म्हणजे १.१८ ने गुणणे, २० टक्के सूट म्हणजे ०.८ ने गुणणे. '२० टक्के सूट आणि त्यावर १० टक्के जादा सूट' म्हणजे ०.८ गुणिले ०.९, अर्थात ०.७२, सूट ३० नव्हे, २८ टक्के. कर धरून ११८ रुपये असलेल्या किमतीतून मूळ किंमत काढण्यासाठी १.१८ ने भागावे लागते. १८ टक्के वजा केल्यास ९६.७६ येतात, १०० नव्हेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तूप, लोणी यांसारख्या अनेक वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा 'सात टक्के स्वस्त' असे पुष्कळांच्या बोलण्यात होते. ११२ रुपयांची वस्तू १०५ ला मिळणे म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने ७ भागिले ११२, अर्थात ६.२५ टक्के घट. दहावीच्या वर्गात याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तथापि या स्तरावर सर्वाधिक वेळ द्यावयास हवा तो कर्जाला. १२,००० रुपयांचे कर्ज, मुदत एक वर्ष, मुदलाचा हप्ता दरमहा १,०००, दर १२ टक्के. व्याज किती? दर 'सरसकट' असेल, म्हणजे व्याज मूळ रकमेवर धरले असेल, तर १,४४० रुपये. घटत्या शिलकीवर असेल, तर पहिल्या महिन्याचे १२०, दुसऱ्याचे ११० असे उतरत जाऊन एकूण ७८०. दर दोन्हीकडे 'बारा टक्के'च छापलेला असतो. कर्जदाराच्या हाती वर्षभर सरासरी ६,५०० रुपयेच असल्यामुळे पहिल्या प्रकारातील खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या आसपास पडतो. दुचाकी किंवा मोबाइल हप्त्यांवर घेणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याने ही दोन कोष्टके स्वतः मांडली, की 'कशाचे बारा टक्के?' हा प्रश्न विचारण्याची आठवण त्याला अध्यापकाने करून द्यावी लागत नाही. चक्रवाढीचे सूत्र त्याला त्यानंतर द्यावे.

उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन स्तर

येथे प्रश्न गणनाचा राहत नाही, वाचनाचा होतो. महाराष्ट्राची साक्षरता २००१ च्या जनगणनेत सुमारे ७६.९ टक्के होती, ती २०११ मध्ये ८२.३ टक्के झाली. वाढ किती? ५.४ टक्केबिंदू, हे एक उत्तर. साक्षरतेचा दर ७ टक्क्यांनी वाढला, हे दुसरे. निरक्षरतेचे प्रमाण २३.१ वरून १७.७ वर, म्हणजे २३ टक्क्यांनी घटले, हे तिसरे. तिन्ही विधाने अचूक आहेत आणि तिन्हींचा कानावर पडणारा परिणाम निराळा आहे. शासकीय अहवाल, वर्तमानपत्र आणि विरोधी पक्ष यांनी आपापल्या सोयीचे विधान निवडावे, यात नवल ते काय! त्यातच हा दर एकूण लोकसंख्येचा नसून सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचा आहे, हे किती पदवीधरांना ठाऊक असते?

टक्का आणि टक्केबिंदू यांतील भेद मराठी वृत्तभाषेने अद्याप पुरता स्वीकारलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला, तेव्हा 'पाव टक्का कपात' झाली. येथे 'पाव टक्का' म्हणजे पाव टक्केबिंदू. मूळ दराच्या मानाने कपात ३.८ टक्के आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी 'टक्केबिंदू' हा शब्द आग्रहाने वापरल्यास तो रुळेल.

सापेक्ष वाढीने किती अनर्थ होऊ शकतो, याचे ब्रिटनमधील उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९५ मध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुपटीने, म्हणजे १०० टक्क्यांनी, वाढतो असा इशारा देण्यात आला. प्रत्यक्षात धोका सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले असावेत, असा अंदाज गेर्ड गिगरेंझर यांनी आपल्या लेखनात उद्धृत केला आहे. जोखमीची माहिती टक्क्यांऐवजी 'इतक्यांत इतके' अशी द्यावी, हा त्यांचा आग्रह विज्ञान आणि गृहविज्ञान या दोन्ही शाखांच्या वर्गांत चर्चेला घेण्यासारखा आहे.

आपल्या महाविद्यालयांचे अहवालही येथे उदाहरण म्हणून चालावेत. एका विषयाच्या वीस विद्यार्थ्यांचा निकाल ९० टक्के, दुसऱ्याच्या ऐंशी विद्यार्थ्यांचा ५० टक्के. सरासरी ७० टक्के असे लिहून मोकळे होणारे विभाग कमी नाहीत. उत्तीर्ण झाले १८ आणि ४०, म्हणजे शंभरांत ५८. आणि ज्या विषयाला चारच विद्यार्थी आहेत, त्याचा निकाल '७५ टक्के' असा लिहिण्याऐवजी 'चारपैकी तीन' असा लिहिला तर वाचणाऱ्याला अधिक कळते. पदव्युत्तर प्रबंधांतून पंधरा प्रतिसादकांच्या उत्तरांची शेकडेवारी दोन दशांशस्थळांपर्यंत दिलेली आढळते, ४६.६७ टक्के म्हणजे पंधरापैकी सात, हे मार्गदर्शकाने समासात लिहून परत करण्यास हरकत नसावी.